मांजराचं जेवण स्वस्तात करायचंय? आधी वजनकाटा घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मांजरांच्या खाण्यावर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, विषय जिव्हाळ्याचा आहे आणि खिशाचाही. त्यात म्हटलंय की विकतचं कॅट फूड परवडत नसेल तर घरी चिकन उकडून द्या, सोबत थोडं दूध, झालं, नॅचरल आणि हेल्दी. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखकाचा हेतू चांगलाच असणार, पण या सल्ल्याने जे पैसे वाचतील ते पुढे डॉक्टरकडे व्याजासकट जातील आणि मुक्या जिवाचे हाल होतील ते वेगळेच.

आधी दुधाचं सांगते कारण ते पटकन संपतं. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, पिल्लू मोठं झालं की ती पचवणारं एन्झाइम कमी होत जातं. मग पोट बिघडतं. पाणी द्या, फुकट असतं.

आता चिकन. मांजर पक्कं मांसाहारी आहे हे खरं, पण मांसाहारी म्हणजे नुसतं बोनलेस मांस नव्हे ना! रानात मांजर उंदीर खातं तेव्हा हाडं, काळीज, आतडी सगळं पोटात जातं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, मग शरीर कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं आणि वाढत्या पिल्लांची हाडं तर साध्या उडीनेही मोडू शकतात. दुसरं म्हणजे टॉरीन नावाचं पोषणद्रव्य. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे चिकन उकडलं की बरंचसं पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओतून मोकळे होतो. टॉरीन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून कमजोर होतं, आणि हे सगळं महिनोन्महिने गुपचूप चालतं, मांजर बाहेरून मस्त दिसत असतं.

म्हणून कंपन्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाहीये. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पॉल पियॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाचा हा आजार झालेली मांजरं चक्क विकतचंच खाणं खात होती, त्यातलं टॉरीन कमी पडत होतं आणि वरून टॉरीन दिल्यावर हृदय सुधारत होतं. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. त्याच विद्यापीठात 2019 मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या शंभराहून जास्त घरगुती रेसिपी तपासल्या, बऱ्याच तर पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या, तरी सगळी पोषणद्रव्यं पुरेशी देणारी एकही निघाली नाही. मग तुमच्या लेखातल्या दोन ओळींच्या रेसिपीचं काय घेऊन बसलात.

मग स्वस्तात करायचं कसं? माझं म्हणणं एवढंच की स्वस्त खाणं शोधण्यापेक्षा पूर्ण खाणं मोजून घाला. पिशवीच्या पुढच्या बाजूचा सामन मासा, भाज्या, डोंगर वगैरे चित्रं बघूच नका, पिशवी उलटी करा. मागे बारीक अक्षरात ‘कंप्लीट’ किंवा ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलंय का आणि ते कुठल्या वयासाठी आहे ते बघा. अमेरिकेत आफ्को आणि युरोपात फेडियाफ अशा संस्थांचे पोषणाचे निकष आहेत, त्यांचा उल्लेख असेल तर बरंच. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही, आणि दिसायला लई भारी असलेले कितीतरी पाऊच या प्रकारातच मोडतात. ‘ग्रेन फ्री’ साठी जादा पैसे मोजायचं तर काहीच कारण नाही, शिजवलेलं धान्य बहुतेक मांजरांना चांगलं पचतं, काही ठराविक ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. साधी पण ‘कंप्लीट’ लिहिलेली पिशवी ही महागड्या ‘कॉम्प्लिमेंटरी’ पाऊचपेक्षा केव्हाही चांगली. कुत्र्याचं खाणं मात्र स्वस्त पडतं म्हणून रोज मांजराला घालू नका, त्यात मांजराला लागणारं टॉरीन आणि प्रोटीन असेलच याची गॅरंटी नसते.

आणि किंमत किलोवर नाही, कॅलरीवर काढा. हे मला फार उशिरा कळलं. साधारण 4 किलोच्या नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराला दिवसाला 240 च्या आसपास कॅलरी पुरतात. एका ड्राय फूडमध्ये 100 ग्रॅमला 400 कॅलरी असतील तर रोज 60 ग्रॅम लागेल, दुसऱ्यात 330 असतील तर 73 ग्रॅम, म्हणजे ही दुसरी पिशवी किलोमागे 17-18 टक्क्यांपेक्षा जास्त स्वस्त असेल तरच खरी स्वस्त, नाहीतर आपण नुसतं जास्त खाणं आणून जास्त शी साफ करतोय. कॅलरीचा आकडा पिशवीवर नसेल तर कंपनीला विचारा. डब्यावर प्रोटीन 10 टक्के बघून नाकही मुरडू नका, वेट फूडमध्ये 78 टक्के पाणीच असतं, ते वजा केलं की उरलेल्यात प्रोटीन 45 टक्के निघतं.

सगळ्यात जास्त पैसे कुठे जातात सांगू का, भरलेल्या वाटीत. आमचा ढब्या, नावाप्रमाणेच. वाटी रिकामी दिसली की घरातला जो कोणी जवळ असेल तो भरायचा, कोणी किती घातलं याचा कोणाला पत्ता नाही, आणि ढब्या प्रत्येकासमोर असा चेहरा करायचा की जणू चार दिवसांचा उपाशी. वजन साडेसहा किलो झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कप-चमचा बंद, किचनचा वजनकाटा घ्या. मोजलं तर रोज 90 ग्रॅम जात होतं! नसबंदीनंतर मांजराची गरज पाव हिश्श्याने वगैरे कमी होते आणि भूक उलट वाढते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, की सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही, देव जाणे. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू 60 ग्रॅमवर आणलं. 3 किलोची पिशवी 33 दिवसांत संपायची ती आता 50 दिवस पुरते. ब्रँड तोच, मांजर तेच. आता सकाळीच दिवसभराचं एका डब्यात मोजून ठेवतो, ज्याला लाड करायचेत त्याने त्यातूनच करावेत. वेगळा खाऊ द्यायचाच तर दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत, आणि इथे मात्र ते उकडलेलं चिकन खुशाल द्या, मीठमसाला आणि हाडं नकोत, कांदा लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. गोड देऊ नका, तसंही मांजराला गोड चव कळतच नाही, त्या चवीचं जीनच त्यांच्यात निकामी आहे, ते आइस्क्रीम चाटतात ते फॅटसाठी असावं असा माझा आपला अंदाज.

पाण्याचं राहिलं. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम 10 टक्के, आणि मांजरं स्वतःहून पाणी कमी पितात. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, बोका मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. सगळं जेवण वेट फूडवर करणं खूप जणांना परवडत नाही, आम्हालाही नाही. आम्ही 50 ग्रॅम ड्राय आणि 50 ग्रॅम वेट असं करतो, कॅलरी तेवढ्याच होतात, आणि वेटमध्ये दोन चमचे पाणी वरून कालवतो. तेही नाही जमलं तर ड्रायवरच पाणी घाला, फक्त भिजवलेलं फार वेळ पडू देऊ नका. एकदम मोठी पोती घेणाऱ्यांनी एवढं बघावं की उघडल्यावर ती महिना दीड महिन्यात संपेल, नाहीतर त्यातलं तेल खवट होतं आणि मांजर तोंड लावत नाही.

तुमचा लेख वाचून कोणी आधीच चिकन-दूध सुरू केलं असेल तर त्यांच्यासाठी तरी एक खुलासा छापा ही विनंती. परत पूर्ण खाण्यावर येताना सात ते दहा दिवस घ्या, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत जा. मांजर हटून बसलं तर ‘भूक लागली की खाईल मुकाट्याने’ असं करून उपाशी ठेवू नका, जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते जिवावर येऊ शकतं. लेखात तर चक्क लिहिलंय की नखरे करत असेल तर दोन दिवस काही देऊ नका. बाकी काही नाही छापलं तरी चालेल, ते वाक्य तेवढं मागे घ्या.

तुमची नेहमीची वाचक
(आणि ढब्याची रोजची वाढपी)