करारपत्रे वेगळेच सांगतात

रविवार पुरवणीतील चिनी व्यापाराच्या इतिहासावरचा लेख वाचला. 'तिथला धंदा नात्यागोत्यावरच चालला, लेखी करार पाश्चात्त्यांमुळे आले' हे त्यातील विधान पटले नाही. चीनच्या सिचुआन प्रांतातील झिगाँगच्या मिठाच्या (म्हणजे खारे पाणी उपसून मीठ करण्यासाठी खोदलेल्या) विहिरींची जुनी करारपत्रे इतिहासकार मॅडेलिन झेलिन यांनी बारकाईने अभ्यासली आहेत. त्यांनुसार विहिरीचे अनेकदा महिन्याच्या दिवसांप्रमाणे ३० हिस्से पडत. काही जमीनमालकाचे, बाकीचे खोदाईला पैसा घालणाऱ्यांचे. हिस्सा विकताही येई. तिथली शेनहाई विहीर १८३५ मध्ये हजार मीटरपेक्षा खोल गेली. वर्षानुवर्षांची अशी खोदाई निव्वळ नात्याच्या भरवशावर कोण करील? (भाऊबंदकी तिथेही असणारच!) चीनचा पहिला कंपनी कायदा १९०४ चा, हिस्स्यांची ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

– एक वाचक, पुणे