ग्रॅनाइटची किंमत फुप्फुसांनी मोजली

महोदय,

ग्रॅनाइटच्या स्मारकांबद्दल बोलताना अमेरिकेतील व्हरमाँटच्या बॅरी गावातले इटालियन स्थलांतरित पाथरवट आठवायला हवेत. एलिया कोर्ती त्यांपैकीच. १८९९ मध्ये तिथे उभारलेल्या स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मारकावरचे उठावशिल्प त्याचे.

इटलीतून आलेल्या अनेकांचा हात संगमरवरावर बसलेला. ग्रॅनाइट वेगळाच. दहापैकी काठिण्य मोजणाऱ्या मोह्स मोजपट्टीवर त्यातले क्वार्ट्झ हे खनिज ७, संगमरवर जेमतेम ३. आधी प्लास्टरचा नमुना, त्यावरून मापयंत्राने एकेक बिंदू दगडावर उतरवायचा, मग टाकीने जास्तीचा दगड काढायचा. टाकी फार उभी धरली की दगड आतून दुखावतो आणि पांढरा डाग उमटतो. तो घालवायला आणखी खोल जावे लागते, आणि तेवढा दगड शिल्लक नसेल तर पुतळ्याचे नाक गेलेच म्हणायचे!

हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांनी काम झपाट्याने होऊ लागले, पण धूळ पिठासारखी बारीक झाली. थंडीत शेडची दारे-खिडक्या बंद, धूळ आतच. ही सिलिकाची धूळ फुप्फुसात रुतते, व्रण धरतात, वर क्षय. संगमरवराच्या धुळीत सिलिका नगण्य, त्यामुळे जुना अनुभव इथे उपयोगी पडला नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रे सर्वत्र बसायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडली.

कोर्ती मात्र धुळीने गेला नाही. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी समाजवादी आणि अराज्यवाद्यांच्या भांडणात त्याला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी तो वारला. होप दफनभूमीत त्याचा बसलेला पूर्णाकृती पुतळा आहे, पायाशी हत्यारे. तो त्याच्या भावाने आणि मेहुण्याने घडवला, अर्थात बॅरीच्याच ग्रॅनाइटमध्ये.

– काही पाथरवट व शिल्पकार