झीज असते एकीकडे, दिसते दुसरीकडे

सोलापूर

चि. वैशाली,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून आपली मागांची शेड तू बघणार. हिशेब नि जीएसटी तुला माझ्यापेक्षा बरं जमतं, त्यावर काही लिहीत नाही. झिजणाऱ्या गोष्टींबद्दल मात्र लिहितो. माग मोडला तर कामगार येऊन सांगतील, झिजतोय हे कुणी सांगत नाही.

कापडात दोष दिसला की तिथंच हात घालू नकोस. झीज असते एकीकडे नि खूण उमटते दुसरीकडे. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटायला लागले की सगळे सुताला शिव्या देतात. तू आधी धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, काढ आणि त्याच्या टोकावरून कापसाचा पुंजका फिरव. तंतू अडकले तर टोक खरबरीत झालंय, बारीक पॉलिश पेपरनं भागतं. टोक गुळगुळीत असेल तर धोट्याला मारून पलीकडे पाठवणारा पिकर बघ. धोट्याच्या मारानं पिकरला खळगा पडणारच, पण तो धोट्याच्या टोकासमोर नीट हवा. एका बाजूला सरकला की धोटा वाकडा सुटतो आणि एखाद्या दिवशी ताण्यातून उडून बाहेर येतो. उडालेल्या धोट्यानं माणसाचा डोळा जाऊ शकतो, म्हणून "अजून चार दिवस चालेल" हे पिकरच्या बाबतीत ऐकायचंच नाही. चामड्याचा नवा पिकर तेलात मुरवून मगच लाव. कोरडा लवकर फाटतो.

आडवे पट्टे आले, कुठं दाट कुठं विरळ, तर विणलेलं कापड पुढं ओढणाऱ्या खरखरीत एमरी रोलवर हात फिरव. खरखर गेली असेल तर कापड घसरतं, पुढं ओढलं जात नाही आणि पिकं, म्हणजे बाण्याचे आडवे धागे, दाटतात. रोल ठीक असेल तर माग बंद करून हात्या, म्हणजे फणी धरून आडवा धागा ठोकणारी चौकट, पुढं-मागं हलव. खडखड लागली तर क्रँकचं बुश गेलंय. उभी रेघ एकाच जागी येत राहिली तर फणी बघ, तिच्या तारांना चरे पडतात. मऊ सूत पोलाद कापतं, कारण त्यावर खळ (सुताला लावलेली कांजी) आणि धूळ असते. नक्षी विणणाऱ्या जकार्डवर मोराच्या पंखातला एकच धागा चुकत असेल तर नक्षीच्या कार्डाचं भोक फाटलंय का ते आधी पाहा, मग धागा उचलणारी हार्नेसची दोरी.

तेल घालण्याआधी रुई झाडायची. रुई तेल पिऊन टाकते, आणि तेलकट रुईत धूळ बसली की ती बेअरिंग घासत राहते. सुती विणकामाला 75 ते 80 टक्के ओलावा लागतो. मे महिन्यातली आपली कोरडी हवा तुला ठाऊकच आहे. खळ झडते, धागा केसाळ होतो, धोट्याचं लाकूड आकसतं.

आता कान. शेडमधला आवाज 95 ते 100 डेसिबलपर्यंत जातो. कारखान्याच्या नियमात आठ तासांना मर्यादा 90 ची आहे, 100 ला दोनच तास. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीतलं, ऐकू येणं जातं. माणसाला वाटतं ऐकू येतंय, पण स, श, फ पुसट होतात आणि तो समोरच्यालाच "नीट बोल" म्हणतो. गेलेलं परत येत नाही. ढिल्या पिकरचा बदललेला आवाजही मग त्याला कळत नाही. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढ, प्लग आत सार आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेव. पहिल्या दिवसाआधी कानाची तपासणी करून घे, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करायला आकडा असेल.

सगळ्यात हळू झिजतो तो आपला दर्जा. समज, इंचाला 40 पिकांची चादर 38 वर आणली. बाणा 5 टक्के वाचला, गिऱ्हाईक काही बोललं नाही. मग 36. वजन भरायला खळ वाढवतात, ती पहिल्या धुण्यात निघून जाते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन पिकं मोजत नाही, ती तुलाच मोजायची आहेत. आजचा माल कालच्या मालाशी ताडलास तर फरक कधीच दिसणार नाही. पास झालेल्या चादरीचा हातभर तुकडा, पिकं आणि वजन लिहून, बंद कपाटात ठेव. उघड्यावर त्याचाच रंग उडेल. कापड मागावरून उतरवून ताण जाऊ दे, मग भिंग तीन जागी ठेवून मोज. मागावर असताना पिकं कमी भरतात.

तुझे,
आप्पा

ता. क. ओलावा मोजायच्या थर्मामीटरची वात (त्याच्या टोकावरची ओली कापडी पट्टी) मळली की तो ओलावा जास्त दाखवतो आणि आपण निश्चिंत राहतो. महिन्यातून एकदा वात बदल. डबीत डिस्टिल्ड वॉटरच घाल, बोअरच्या पाण्यानं क्षार धरतो.