टाकळ्याशेजारचा कासविंदा

मा. संपादक,

पावसाळ्यात घराभोवती उगवणारा कोवळा टाकळा आपण आवडीने खातो. मात्र आश्विन-कार्तिकात त्याच्याच शेजारी शेंगांनी लगडणाऱ्या कासविंद्याविषयी, म्हणजेच रानटाकळ्याविषयी, पालकांना क्वचितच कोणी सावध करते. पश्चिम उत्तर प्रदेशात त्याच्या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू व मेंदूवर आघात होऊन लहान मुले दगावली आहेत. टाकळ्याची पर्णिका (संयुक्त पानातले छोटे पान) टोकाशी गोलसर व शेंग बारीक असते. कासविंद्याची पर्णिका टोकदार आणि शेंग चपटी असते. कुंपणावरील चंद्रज्योतीच्या, म्हणजेच मोगली एरंडाच्या, बिया तर चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्यामुळे मुले त्या सहज खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. अंगणवाड्या व शाळांच्या आवारातील ही झाडे ग्रामपंचायतींनी शेंगा-फळे पिकण्याआधीच काढावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक