औदुंबरहून, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर नदीचं नाव निघालं की आई विषय बदलते, म्हणून सांगलीला निघालेल्या एका काकांच्या हाती हे पत्र देतेय. मी आणि मैत्रीण, आम्ही दोघी सुखरूप औदुंबरला पोचलो.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावरून कयाकनं, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या नावेनं निघालो. कोयना आणि कृष्णा तिथं समोरासमोर भिडतात आणि मिळून पूर्वेला वळतात. काठावरून कितीदा पाहिलं होतं, पण कयाकमध्ये बसल्यावर ते वळण अंगाला जाणवलं. पुढं पाणी संथ. बंधारा आला की उतरायचं, कयाक खांद्यावर घ्यायच्या, पलीकडं पुन्हा पाण्यात सोडायच्या. बाबा, खांदे भरून आलेत, पण मन फार आनंदात आहे. बह्याच्या बेटावर समर्थांच्या मारुतीला हात जोडले. नदीकाठच्या मळीच्या रानात काम करणाऱ्या एका आजींनी ओटीत वांगी घातली, पैसे घेतले नाहीत.

मगरींचं विचारलं होतंत. भिलवडीच्या अलीकडं एक काठावर ऊन खात पडली होती. आम्ही पलीकडच्या काठानं, न थांबता गेलो. पाण्यात हातपाय सोडत नाही, दिवस मावळायच्या आत बाहेर येतो, लाइफ जॅकेट अंगावरून काढत नाही.

उद्या ब्रह्मनाळ, येरळा नदीचा संगम. आई, २०१९ च्या पुरात तिथं बोट उलटली, माणसं गेली. ती बातमी आली तेव्हा आपल्या घरात पाणी होतं, सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेव्हापासून तू घाटाची पायरी उतरली नाहीस. तुझी भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तू गाळ उपसलास, भिजलेले फोटो उन्हात वाळवलेस, मी पाहिलंय. पण त्याआधी हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन मला पाण्याशी नेणारी, कृष्णामाईची ओटी भरणारीही तूच. ती नदी तुझ्यापासून तुटावी, हे मला सोसत नाही. मी वल्हं हातात घेतलं ते त्या ओढीनंच.

बाबा, परवा सकाळी आईला हरिपूरला घेऊन या. वारणा मिळते तिथं आम्ही काठाला लागू. तिला पाण्यापर्यंत यायचा आग्रह करू नका. वरच्या पायरीवर बसली तरी चालेल, मी वर येईन. आणि आई, जमलं तर थालीपीठं आण. मैत्रीण कऱ्हाडपासून त्याचीच आठवण काढतेय.

तुमची,
ताई