बाबांची एकट्याची बेटवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, इथे आल्यावर एक दिवस एकट्यानेच बोटीने बेटांवर जाऊन यायचं तुम्ही मनावर घेतलंय, आणि आईला बोट लागते म्हणून ती घरीच राहणार, इतकं फोनवर कळलं. आई, हे कुठे चुकतील म्हणून तुला घोर लागलाय. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या दक्षिणेकडच्या या बेटांवर माणूस चुकत नाही गं, बोट चुकते. म्हणून सुरुवात बोटीपासूनच करते.

आधी परतीची बोट ठरवा, मग जायची. वेळापत्रक त्याच तारखेचं बघायचं, कारण शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असतात आणि उन्हाळा सरला की फेऱ्या कमी होतात. शेवटच्या बोटीवर बेत आखू नका. तिच्या आधीची धरा, म्हणजे शेवटची राखीव उरते. जूनमध्ये इथे रात्री दहालाही उजेड असतो. उन्हावरून वेळ ओळखायची तुमची सवय इथे साफ फसेल, तेव्हा मोबाईलवर गजर लावून ठेवा.

11 नंबरची ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत, साल्टहोल्मेनपर्यंत, जाते. तिथून धक्का हाकेच्या अंतरावर. ट्रामचं तिकीटच बोटीला चालतं, वेगळं काढायचं नाही. 'ए' झोनचं (शहर आणि ही बेटं ज्यात येतात तो भाग) साधं तिकीट 90 मिनिटांचं असतं. मधे एखाद्या बेटावर उतरलात की ते संपतं, म्हणून 24 तासांचंच काढा आणि हिशेब सोडून द्या. रोख पैसे बोटीत घेत नाहीत. तिकीट फोनमध्ये असणार, म्हणजे फोनची बॅटरी संपली की तिकीटही गेलं. पॉवर बँक जवळ हवीच.

जुलैत ऊन पडलं की अर्धं शहर साल्टहोल्मेनला येतं. बोटीत ठरावीक संख्येपलीकडे माणसं घेत नाहीत, उरलेल्यांनी पुढच्या फेरीची वाट बघायची. सकाळी नऊच्या आत धक्क्यावर असलात तर हा प्रश्न येत नाही. शनिवार-रविवार टाळलात तर फारच बरं.

आता खरी गफलत कुठे होते ते सांगते. बेट एक, पण धक्के अनेक. स्टिर्सोला तीन आहेत: ब्राटेन, टोंगेन आणि स्केरेट. ब्रेनोला दोन: उत्तरेला रोडस्टेन, दक्षिणेला हूसविक. प्रत्येक बोट प्रत्येक धक्क्याला लागत नाही. माणूस वेळेवर येऊन उभा असतो, बोटही वेळेवर येते, पण बेटाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या पाटीचा फोटो काढा आणि वेळापत्रकाच्या ॲपमध्ये बेटाचं नाही, धक्क्याचं नाव टाका. (नावांच्या शेवटी जो 'ओ' ऐकू येतो, त्याचा स्वीडिशमध्ये अर्थच बेट. त्यामुळे सगळी नावं सारखीच वाटतात, कानावर विसंबू नका.)

एका दिवसात दोन बेटं पुरे. माझं मत विचाराल तर स्टिर्सोला ब्राटेनवर उतरा, गावातून रमत-गमत स्केरेटपर्यंत चाला आणि तिथला पूल ओलांडून डोन्सोला जा. परतीची बोट डोन्सोहूनच घ्या, म्हणजे आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. डोन्सो दिसायला लहानसं, पण तेलवाहू जहाजांच्या कंपन्या चालवणारं गाव आहे, बंदरावर तुमचा तास सहज जाईल. नुसती शांतताच हवी असेल तर सगळ्यात दक्षिणेचं व्रोंगो. तिथे बेटाच्या दोन्ही टोकांना राखीव निसर्गक्षेत्र आहे. पक्षी अंडी घालतात त्या दिवसांत काही किनारे बंद असतात. तशी पाटी दिसली की मागे फिरायचं.

या बेटांवर मोटारी नाहीत, पण म्हणजे चाकंच नाहीत असं समजू नका. पुढे सामानाचा हौदा असलेल्या तीनचाकी मोपेड सगळीकडे फिरतात. त्यातल्या विजेवरच्या मागून आल्या तर कळतही नाहीत. रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारं दिसतं. इथे वाहनं उजवीकडून जातात.

खडकांचं मात्र नीट ऐका. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला हा खडक कोरडा असताना बुटाला छान धरतो. पाण्यालगत त्याच खडकावर काळपट-हिरवा पट्टा दिसेल, ते शेवाळ. तो पट्टा ओला असो वा नसो, त्यावर पाय ठेवायचा नाही. भरती-ओहोटी इथे वीतभरच, त्यामुळे पट्टा अरुंद असतो आणि चटकन लक्षात येत नाही. जवळून एखादी बोट गेली की तिची लाट अचानक वर चढते, तेव्हा बसायचं ते दोन हात वरच.

हवामानात तापमानाआधी वारा बघा. तो मीटर प्रति सेकंदात देतात. 10 च्या पुढे आकडा असेल तर 20 अंशांतही उघड्या खडकावर हुडहुडी भरते. वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्या. डबा आणि थर्मास घरूनच न्या, कारण हंगाम नसला की कॅफे बंद असतात. काही बरंवाईट घडलं तर 112 हा आणीबाणीचा नंबर, तिथे इंग्रजी चालतं.

आई, संध्याकाळी हे परतले की एक काम तुझ्याकडे. गवतात गोचिड्या असतात, तिळाएवढ्या. गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, कानामागे टॉर्चने बघायचं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची; तेल-तूप लावत बसायचं नाही. मग जागा साबणाने धुऊन तारीख लिहून ठेव. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं उमटून पसरायला लागलं, तर त्याच दिवशी मला सांग, डॉक्टरकडे जायचं. चिमटा औषधाच्या दुकानातून आणून ठेवलाय, न्हाणीघरातल्या कपाटात वरच्या खणात.

तुमची,
लेक