मांजरांच्या प्रवासाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र मी चारचौघांत मानणार.

मांजरं जगभर कशी पसरली यावर मुलांसाठी भित्तिपत्रक करायचं ठरलं, तेव्हा माहितीचा नुसता पूर आला होता. २०१६ मध्ये संशोधक एव्हा-मारिया गाइगल यांनी प्राचीन मांजरांच्या डीएनएवरचं काम एका परिषदेत मांडलं आणि वायकिंगांबरोबर (उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दींबरोबर) मांजरं फिरत होती, ही बातमी सगळीकडे पसरली. जहाजाच्या टोकावर ऐटीत बसलेलं मांजर, चित्र गोडच होतं. पण ती मांजरं मुळात कुठली, असं विचारलं की सगळे गप्प. स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या एकांनी मला तेच चित्र परत पाठवलं. एका बाईंनी तर ‘मुलांना इतकं खोलात कशाला सांगायचं?’ असं ऐकवलं. ते वाक्य मला अजून बोचतं. मुलांसाठी आहे म्हणून काहीही खपवायचं का?

तुमची-माझी ओळखसुद्धा नव्हती. तरी तुम्ही तुमच्या जुन्या व्याख्यानाची टिपणं काढून पाठवलीत. त्यात सायप्रसमधल्या शिलुरोकाम्बोसच्या थडग्याचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. माणसाचा सांगाडा, आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर. सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. शेजारी तुमची नोंद: ‘या बेटावर मुळात मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी होडीत घालून आणली.’ ते वाचलं आणि मला आमचं भित्तिपत्रक डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

पण हे पत्र खरं तर पुढच्या पानासाठी आहे. तिथे टाइप केलेलं वाक्य होतं: ‘पहिल्या शेतकऱ्यांबरोबर मांजरं अनातोलियातून (आजच्या तुर्कस्तानातून) युरोपात गेली.’ त्यावर लाल पेनाची आडवी रेघ, आणि खाली तुमच्या अक्षरात, ‘हे मी बरीच वर्षं शिकवलं. आता तसं म्हणता येत नाही.’

कारणही तुम्ही कुणालाही कळेल असं लिहिलंत. जुन्या मांजरांच्या हाडांवरच्या २०१७ च्या अभ्यासात मुख्यतः मायटोकाँड्रियल डीएनए तपासला होता, आणि तो फक्त आईकडून येतो, म्हणजे वंशाची एकच बाजू दिसते. २०२५ मध्ये पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले गेले, तेव्हा दिसलं की युरोपातली ती जुनी हाडं तिथल्या रानमांजरांचीच आहेत. त्यांच्या वंशात कधीतरी दुसरीकडच्या रानमांजरांचा संकर झाला होता, एवढंच. घरची मांजरं युरोपात पोचली ती सुमारे २,००० वर्षांपूर्वी, आणि तीही उत्तर आफ्रिकेतून. या दोन्ही अभ्यासांत संशोधक क्लाउडिओ ओत्तोनी आहेत. म्हणजे आपण आधी काय म्हणालो होतो ते त्यांनी स्वतःच पुन्हा तपासून पाहिलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि तिचा कुठे गाजावाजा झालेला मला तरी दिसला नाही.

तुम्ही ते पान नव्यानं टाइप करून पाठवू शकला असतात. मला काही कळलंही नसतं. पण तुम्ही रेघ तशीच दिसू दिलीत. ज्याच्याकडून काही मिळवायचं नाही अशा अनोळखी माणसाशी इतकं सरळ वागणारी माणसं आहेत, हे कळल्यावर मधल्या काळातला वैताग बराच उतरला.

चीनच्या भागातही तुम्ही हेच केलंत. च्वानहूत्सुन इथली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची हाडं आधी पाळीव मांजरांची असावीत असं वाटलं होतं, पुढे ती लेपर्ड कॅट या वेगळ्याच रानटी जातीची निघाली. तो भागही आम्ही दोन्ही उत्तरांसह छापतोय: आधी काय वाटलं, मग काय दिसलं.

भित्तिपत्रक लागलं की मुलांचे प्रश्न सुरू होतील. इजिप्तच्या ममींबद्दल तर नक्कीच. ते सगळे गोळा करून मी पुन्हा तुमच्याकडेच येणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

तुमची मनापासून आभारी,
भित्तिपत्रकवाली